परवल, खासगी क्रमांक आणि पासवर्ड : सातारा–सांगली परिसरातील यंत्रनियंत्रणाचा एक ऐतिहासिक विचार

मराठीतील ‘परवल’ हा शब्द पलटणींच्या छावण्यांतून आला. युरोपीय भाषांतील ‘पारोल’, म्हणजे ‘शब्द’ किंवा ‘वचन’, हे त्याचे मूळ होय. तेव्हा ‘परवलीचा शब्द’ याचा अक्षरार्थ ‘शब्दाचा शब्द’ एवढाच होतो. ‘पावरोटी’ या समासात एकच भाकरी जशी दोन भाषांत भाजली गेली आहे, तसाच हा प्रकार. तथापि या शब्दाच्या अर्थात एक गोष्ट पूर्वीपासून गृहीत होती. ती म्हणजे मुदत. छावणीतील परवल रोज बदलत असे. रोमन सैन्याविषयी पॉलिबियसने जे वर्णन केले आहे, त्यात रात्रीचा संकेत लाकडी पट्टीवर लिहून ती पट्टी तुकड्यातुकड्यांतून फिरवीत आणि अंधार पडण्यापूर्वी मूळ अधिकाऱ्याकडे परत आणीत. एखादी पट्टी आली नाही, तर ती कोठे अडली हे शोधून काढता येई. मुदत आणि नोंद ही दोन्ही अंगे आजच्या ‘पासवर्ड’मधून गळून गेली आहेत. वीजकेंद्रे, पंपगृहे व कारखाने यांच्या नियंत्रणयंत्रणा परवलीच्या बाबतीत इतक्या दुबळ्या का राहिल्या, याचे उत्तर पुष्कळ अंशी या लोपात सापडते.

याच्या उलट दाखला शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. पुण्याहून सातारा जिल्ह्यातून मिरजेकडे जाणारा लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सदर्न मराठा रेल्वेने बांधला. तो एकेरी व मीटरमापी होता. रुंदमापी झाला तो १९७०च्या सुमारास. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ न देणे हेच नियंत्रणाचे सारसर्वस्व असते. त्यासाठी भारतीय रेल्वेने सर्रास वापरलेले नीलचे टोकनयंत्र हे एक साधन. लगतच्या दोन स्थानकांतील यंत्रे विजेने अशी जखडलेली असत, की एका वेळी एकच गोळा बाहेर निघे आणि तो हाती आल्यावाचून चालकाने गाडी पुढे नेऊ नये असा नियम होता. येथे अधिकार एका वस्तूत साठविलेला होता.

परंतु सगळेच व्यवहार वस्तूने होत नाहीत. काही शब्दानेच करावे लागतात. वाठारच्या स्टेशनमास्तरला दूरध्वनीवर ऐकू येणारा आवाज शेजारच्या स्टेशनमास्तरचाच आहे, हे कशावरून? त्यासाठी रेल्वेत ‘प्रायव्हेट नंबर’ची पद्धत आहे. दोन आकडी संख्या कोणत्याही क्रमाविना छापलेला एक तक्ता स्टेशनमास्तरच्या स्वाधीन असतो. महत्त्वाचा निरोप देताना त्यातील पुढील संख्या सांगावयाची, ती लगेच खोडावयाची आणि कोणत्या गाडीसाठी दिली ते नोंदवावयाचे. एकदा वापरलेली संख्या निरुपयोगी होते. पाळी बदलताना तक्ता सहीनिशी दुसऱ्याच्या ताब्यात जातो. आकडे सुटे सुटे उच्चारण्याची पद्धतही भाषादृष्ट्या समजण्याजोगी आहे. ‘एकोणसाठ’, ‘एकोणसत्तर’, ‘एकोणऐंशी’ ही मालिका खरखरत्या तारेवर फसवी ठरणारच. आणि पुण्याकडची मराठी बेळगाव–लोंढ्याकडच्या कानडीला भेटते त्या मार्गावर तर अधिकच.

ही पद्धत निर्दोष होती असे मात्र नव्हे. फाटक बंद करण्यापूर्वीच फाटकवाल्याने क्रमांक सांगून टाकला, तर संख्या खरी आणि निरोप खोटा अशी स्थिती होते. बोलणारा कोण एवढेच ती संख्या सांगते. त्याने काय केले, ते सांगत नाही. जून १९४३ मध्ये शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तुफान सेनेने पगाराची गाडी लुटली. तेथे कोणाची परवल चोरावी लागली नाही; रुळांवर दगड रचणे पुरेसे झाले.

कोयना प्रकल्पाचे पहिले जनित्र १९६२ मध्ये सुरू झाले. धरण सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात, तर पाणी सह्याद्रीच्या पोटातून उतरून वीज निर्माण होते ती पलीकडे पोफळीच्या भूमिगत गृहात. पुढे वाढत जाऊन या प्रकल्पाची क्षमता १,९०० मेगावॅटहून अधिक झाली. मागणी वाढली की जनित्र चालू करावयाचे, उतरली की थांबवावयाचे, असे हे केंद्र असल्याने दूरवरून येणाऱ्या आदेशाला येथे विशेष महत्त्व आहे. भारप्रेषण केंद्राकडून वाहिनी जोडण्या-तोडण्याचा आदेश देताना क्रमांकाची देवाणघेवाण करून तो वेळेसह नोंदवहीत उतरवण्याची रीत वीजक्षेत्रात रुळलेली आहे. स्टेशनमास्तरच्या तक्त्याचीच ही चुलत भावंडे म्हणावयास हरकत नाही.

योगायोग असा की, त्याच १९६२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत अ‍ॅलन शेर या संशोधकाने सामाईक संगणकावरील सर्वांच्या पासवर्डांची यादी छापून मिळवली. त्याला संगणकावर अधिक वेळ हवा होता, इतकेच. नव्या जातीच्या परवलीचा जन्म आणि तिची फूट यांत जेमतेम एका वर्षाचे अंतर होते.

कारखान्यांच्या नियंत्रकांत तर आरंभी परवलही नव्हती. १९७९ मध्ये मॉडिकॉन कंपनीने मॉडबस ही संदेशपद्धती आणली. तिच्या संदेशात कोणता झडप-क्रमांक उघडावयाचा त्याला जागा आहे; कोण सांगत आहे त्याला नाही. तार कारखान्याच्या भिंतींच्या आत होती तोवर हे खपून गेले. पुढे परवल आली, तीही कायमची. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेटने सीमेन्सच्या विनसीसी प्रणालीतील, निर्मात्यानेच आत कोरून ठेवलेल्या पासवर्डचा उपयोग केला. तो त्यापूर्वी दोन वर्षे जाहीर झालेला होता, आणि तरीही ‘तो बदलू नका, यंत्रणा बंद पडेल’ असा सल्ला कंपनीला ग्राहकांना द्यावा लागला! नोव्हेंबर २०२३ मध्ये पेनसिल्व्हेनियातील अ‍ॅलिक्विपा येथील पाणीपुरवठ्याच्या एका केंद्रात हल्लेखोर शिरले. तेथील युनिट्रॉनिक्स जातीच्या नियंत्रकांचा कारखान्यातून येणारा पासवर्ड होता ‘११११’. कर्मचाऱ्यांनी पंप हाताने चालवून वेळ निभावली.

महाराष्ट्रातही हा प्रश्न चर्चेत आला तो १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेल्यानंतर. मार्च २०२१ मध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर विभागाच्या अहवालाच्या आधारे घातपाताचा संशय व्यक्त केला. केंद्राने तो मान्य केला नाही. त्या वादाचा निकाल येथे लावण्याचे प्रयोजन नाही. त्याच वर्षी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने वीजक्षेत्राच्या सायबर सुरक्षेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, ही नोंद पुरेशी आहे.

या सर्वाचे खापर कामगारांच्या निष्काळजीपणावर फोडण्याची प्रवृत्ती आढळते. ती उथळ आहे. सांगली-सातारा भागातील साखर कारखान्याचे उदाहरण घ्यावे. गळीत हंगामात गाळप तिन्ही पाळ्यांत अखंड चालते. ते खोळंबले तर रस पडून राहतो, त्यातील साखरेचे विघटन होते आणि नुकसान तासागणिक वाढते. सहवीजनिर्मिती असेल तर बाहेरच्या जाळ्याला दिली जाणारी वीजही थांबते. अशा ठिकाणी पहाटे तीन वाजता परवल विसरल्यामुळे बॉयलरचा चालक पडद्याबाहेर अडकून राहणे कोणालाच परवडत नाही. म्हणून एकच पासवर्ड तिन्ही पाळ्यांचा होतो; तो सोपा असतो आणि पुष्कळदा यंत्र बसविणाऱ्या अभियंत्याने ठेवला तोच राहतो. त्यामागे एक तर्क आहे, आणि तो यंत्राच्याच गरजेतून आलेला आहे. रेल्वेच्या पद्धतीचा विशेष हा, की तिने हीच गरज मान्य केली. तक्ता समोरच असल्याने स्टेशनमास्तरला काही पाठ करावे लागत नाही, म्हणून गाडी खोळंबत नाही. आणि तरीही कोणी, केव्हा व कोणत्या गाडीसाठी शब्द दिला हे मागाहून कळते. सामाईक पासवर्डने यंत्र थांबत नाही हे खरे. परंतु म्हैसाळसारख्या उपसा योजनेचा पंप मध्यरात्री कोणाच्या आदेशाने बंद झाला, हे अशा पासवर्डवरून कधीच सांगता येणार नाही.

स्वतंत्र ओळखपत्रे, मिनिटागणिक बदलणारे अंक, दोन स्वतंत्र पुरावे मागणारी प्रवेशपद्धती ही साधने आता उपलब्ध आहेत. तत्त्वतः ती खोडलेल्या संख्यांच्या तक्त्याहून फारशी निराळी नाहीत. अडचण आहे ती ती बसवावयाची केव्हा, ही. चालू नियंत्रकाला हात लावण्यास कोणीही धजत नाही. परंतु हंगाम संपल्यावर कारखान्यात गिरणीचे रोलर काढले जातात, टर्बाइन उघडले जाते, बॉयलरच्या नळ्या तपासल्या जातात. नियंत्रकाची परवल बदलण्याचे काम त्याच महिन्यांत, त्याच यादीत घालता येण्याजोगे आहे.