आजोबांचा टीव्ही किती रुपयांचा होता?

या दिवाळीत आमच्या घरी नवा टीव्ही घ्यायचा ठरला. बजेट 15,000 रुपये, त्यावर एक रुपया नाही, असं बाबांनी आधीच सांगून टाकलं. आमचं गाव पारोळा तालुक्यात. एका बाजूला धुळे, दुसऱ्या बाजूला जळगाव, त्यामुळे दोन्हीकडच्या दुकानांत भाव विचारून झाले. त्यातच बाबांनी जुन्या ट्रंकेतून एक पावती काढली. मार्च 1987, लाकडी शटरचा 20 इंची ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, 3,200 रुपये, खाली आजोबांचं नाव. बाबा म्हणाले, "बघ, तेव्हा किती स्वस्त होतं!"

खरंच स्वस्त होतं का? संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी हा प्रश्न चांगला आहे. मी विज्ञानाचा विद्यार्थी. मोजमाप म्हटलं की आधी एकक विचारायची सवय. 1987 चा रुपया आणि 2025 चा रुपया ही दोन वेगळी एककं आहेत, त्यामुळे नुसते आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही. मग बदलायचे कशाने?

पहिला मार्ग म्हणजे औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक. 1982 च्या मालिकेचं आधारवर्ष पुढे दोनदा बदललंय, त्यामुळे जोडगुणक लावावे लागतात: 1982 वरून 2001 साठी 4.63, आणि 2001 वरून 2016 साठी 2.88. हे लावलं की किमती सुमारे 13 ते 14 पट वाढलेल्या दिसतात. म्हणजे आजोबांचा टीव्ही आजच्या चाळीस हजारांच्या वर जातो. दुसरा मार्ग पगार. आजोबा प्राथमिक शिक्षक होते, त्यांना या टीव्हीसाठी दोन महिन्यांहून जास्त पगार मोजावा लागला. तिसरा मार्ग सोनं. तेव्हा तोळा साधारण अडीच हजारांचा होता, 2025 च्या दिवाळीत सव्वा लाखाच्या आसपास होता. या हिशोबाने तोच टीव्ही दीड लाखाचा!

एकच वस्तू, तीन उत्तरं. यातलं बरोबर कोणतं? मी निर्देशांकाच्या बाजूने होतो. सोन्याचा भाव इतर वस्तूंपेक्षा कितीतरी जास्त वाढलाय, मग त्याने टीव्ही कशाला मोजायचा? जळगावची माणसं सगळंच सोन्यात मोजतात, असं म्हणून मी तो आकडा बाजूला ठेवला.

मग आजीला विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "टीव्ही परवडना, खांब नही परवडना."

1984 मध्ये देशभर दूरदर्शनचे लघुशक्ती प्रक्षेपक झपाट्याने उभे राहिले, पण अशा 100 वॅटच्या केंद्राचा आवाका साधारण 25 किलोमीटर. धुळे आमच्यापासून 35 किलोमीटर, जळगाव त्याहून लांब. जानेवारी 1987 मध्ये रविवारची 'रामायण' मालिका सुरू झाली आणि घरात टीव्हीचा हट्ट धरला गेला. चित्र दिसायला उंच लोखंडी खांब, अँटेना, बूस्टर, वर व्होल्टेजसाठी स्टॅबिलायझर. यातलं काहीही पावतीवर नाही. आणि हे सगळं भागवायला आजीची तोळ्याची पोत मोडली. ती पुन्हा झाली नाही.

इथे माझी चूक लक्षात आली. "टीव्ही किती महाग होता" हा प्रश्न मी कुणाच्या बाजूने विचारतोय, हेच ठरवलं नव्हतं. बाजारातली महागाई बघायची असेल तर निर्देशांक ठीक. आजोबांचे कष्ट मोजायचे तर पगार. पण घरातल्या कुणी काय सोडलं हे विचारायचं असेल, तर सोनं हेच बरोबर एकक आहे, कारण किंमत खरोखर सोन्यात चुकवली गेली होती. पावतीवर आजोबांचं नाव आहे, पोतीचा कागद कुठेच नाही. कागदावरच थांबलो असतो तर आजी या इतिहासात आलीच नसती.

आजच्या बजेटलाही अशीच न दिसणारी बाजू असते. जानेवारी 2019 पासून 32 इंचांपर्यंतच्या टीव्हीवर 18 टक्के जीएसटी होता आणि त्याहून मोठ्यावर 28. सप्टेंबर 2025 मध्ये मोठ्यांवरचाही 18 झाला. म्हणजे इतकी वर्षं "आपल्याला 32 पुरे" असं जे घराघरांत म्हटलं गेलं, त्यात आवड किती आणि कर किती, हाही संशोधनाचा विषय होऊ शकतो.

आम्ही शेवटी 32 इंचीच घेतला. भिंतीचा स्टँड आणि स्टॅबिलायझर धरून बजेटमध्ये बसला. वहीत मी तिन्ही रकमा वेगवेगळ्या लिहिल्या, आणि पैसे कुणी दिले तेही.

तुम्हीही एक करून बघा. घरातली एखादी जुनी पावती शोधा आणि तीन प्रश्न विचारा: यात काय लिहिलेलं नाही? पैसे कुठून आले? आणि तेव्हा कुणाला विचारलं नव्हतं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देणारं माणूस घरात असेल, तर पावती नंतर वाचा, आधी त्यांच्याजवळ बसा.