मार्सेलिसच्या बंदरात अडलेला कंद

सुमात्राच्या जंगलातून १८७८ साली उकरलेले काही अवाढव्य कंद इटलीला जायला निघाले आणि वाटेत मार्सेलिसला अडले. पुढे १९१० मध्ये सावरकरांच्या उडीमुळे मराठी माणसाच्या कायमचं ओळखीचं झालेलं हेच ते बंदर. फायलोक्सेरा नावाच्या किडीनं त्या काळी फ्रान्सचे द्राक्षमळे उद्ध्वस्त केले होते, त्यामुळे बाहेरची जिवंत झाडं देशात आणायला बंदी होती. कंद पुढे गेलेच नाहीत. तिथेच मेले.

ते पाठवणारा ओदोआर्दो बेक्कारी हा फ्लॉरेन्सचा वनस्पतिशास्त्रज्ञ. त्याला सापडलेली वनस्पती आपल्या सुरणाच्याच प्रजातीतली, पण आकारानं राक्षसी. शास्त्रीय नाव अमॉर्फोफॅलस टायटॅनम. एका कंदाचा घेर सुमारे १.४ मीटर भरला. दोन माणसांनाही तो पेलवेना. कंद गेले, तरी बेक्कारीनं पाठवलेल्या बिया मात्र फ्लॉरेन्सला पोचल्या. मार्केझे कोर्सी साल्व्हियाती यांच्या बागेत त्या रुजल्या आणि त्यातलं एक रोप लंडनजवळच्या क्यू उद्यानात गेलं. दहा वर्षं त्याला काचगृहात ऊब देऊन जपलं, तेव्हा १८८९ च्या जूनमध्ये ते फुललं. सुमात्राबाहेर हे फूल प्रथमच उमलत होतं. ‘कर्टिस बोटॅनिकल मॅगझिन’साठी त्याचं चित्र काढलं मॅटिल्डा स्मिथ यांनी, सडक्या मांसासारखी दुर्गंधी सोसत. १९२६ मध्ये क्यूला पुन्हा फूल आलं, तेव्हा गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले.

राक्षसी कंद जगभर पसरले ते असे: बियांतून, रोपांतून, मुठीत मावणाऱ्या पिल्लांतून. मोठा कंद हलवणं नेहमीच धोक्याचं. बी मात्र खिशातून जाते आणि ज्याच्याकडे ऊब, जागा नि धीर आहे त्याच्या घरी वाढते.

धीर खरोखरच लागतो. कंदातून एका वेळी एकच पान येतं. ते झाडासारखं उभं राहतं; पूर्ण वाढलेल्या टायटॅनमचं पान सहा मीटरपर्यंत जातं. पान वर्षभर किंवा त्याहूनही जास्त काळ अन्न साठवतं, मग पिवळं पडून कोसळतं. जुना कंद संपतो, त्याच्या जागी नवा, बहुधा अधिक मोठा कंद तयार होतो. मग विश्रांती. अशी सात-आठ-दहा वर्षं गेल्यावर कधीतरी पानाऐवजी फुलोरा वर येतो. मधला जाड दांडा, म्हणजे स्थूलकणिश, माणसाच्या शरीराइतका तापतो, त्या उष्णतेनं वास दूरवर पसरतो आणि मेलेलं जनावर शोधणारे भुंगेरे नि माश्या धावत येतात. दोन दिवसांत सगळं आटोपतं. वर्तमानपत्रांत छायाचित्र येतं ते या दोन दिवसांचं, पण वाढवणाऱ्याचं खरं कसब मधल्या वर्षांत असतं: कुंडीत पाणी साचू न देणं, कंद सुप्त असताना हात आखडता घेणं, मुळं दुखावली जाणार नाहीत अशा बेतानं कुंडी बदलणं.

कोकणातल्या माणसाला या शिस्तीचं नवल वाटणार नाही. परसात सुरण लावायचा, पान सुकलं की कंद ओळखून काढायचा, बाजूचे डोळे पुढच्या लावणीला ठेवायचे, आणि खाज मारायला चिंच किंवा आमसूल घालून शिजवायचा, हे तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. पावसाच्या तोंडावर बाजारात येणारी शेवळं हीसुद्धा याच प्रजातीची, सह्याद्रीतली. त्यांचा न उमललेला फुलोरा काकडांबरोबर शिजतो. युरोपच्या छापील पुस्तकात सुरण पोचला तो बेक्कारीच्या दोनशे वर्षं आधी सुरू झालेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’मधून. डच अधिकारी व्हान ऱ्हीडनं सिद्ध केलेल्या आणि ॲमस्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात बारा खंडांत छापल्या गेलेल्या या ग्रंथाच्या अकराव्या खंडात तो ‘शेना’ या मलबारी नावानं आहे. ग्रंथासाठी माहिती देणाऱ्यांत रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तिघे कोकणी वैद्य होते. त्यांचं नागरी लिपीतलं कोकणी प्रमाणपत्र पहिल्याच खंडात छापलेलं आहे. टायटॅनमच्या गोष्टीत बेक्कारीचं नाव ठळक असतं. तेवढंच ठळक स्थान सुरणाच्या गोष्टीत या तिघांना मिळायला हवं.

युरोपात काचगृह नसलेल्यांनी असे कंद घरी वाढवायची दुसरी वाट शोधली. आफ्रिकेपासून भारतापर्यंत आढळणाऱ्या सॉरोमॅटम या सुरणकुळातल्या वनस्पतीचा कंद नुसता कोरडाच खिडकीत ठेवला तरी फुलतो, माती नको, पाणी नको. सुरणाच्याच प्रजातीतला पूर्व आशियातला कोंजॅकही घरात रुळला. त्याचा कंद हिवाळाभर कोरडा ठेवता येतो आणि वसंतात पानाच्या आधी फुलोरा येतो. जपानात याच कंदापासून कोन्याकू हा खाद्यपदार्थ करतात.

टायटॅनमला घरचा उंबरा दिसायला १९९३ उजाडावं लागलं. डेव्हिड ॲटनबरो यांच्या मालिकेचं चित्रीकरण सुमात्रात चाललं होतं, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोचे डॉक्टर जेम्स सायमन यांनी बिया गोळा केल्या आणि बागांना, संग्राहकांना वाटल्या. त्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेत एकामागून एक फुलं उमलू लागली. ‘ॲरॉइडिआना’ या सुरणकुळाला वाहिलेल्या नियतकालिकात १९९६ मध्ये विल्बर्ट हेटरशाइड यांनी सहलेखकाबरोबर सगळ्या प्रजातीचा धांडोळा घेतला. लागवडीबद्दल विचारणाऱ्यांना तो कितीतरी वर्षं पुरला. न्यू हॅम्पशायरमधल्या गिल्फर्डला डॉ. लुई रिकार्डिएलो यांनी वाढवलेला फुलोरा २०१० मध्ये ३.१ मीटर उंच भरला आणि मोठमोठी उद्यानं मागे पडली. त्याच वर्षी एडिंबरोच्या उद्यानात एका कंदाचं वजन झालं १५३.९ किलो. २००३ मध्ये तो संत्र्याएवढा आला होता. त्याला फूल आलं २०१५ मध्ये.

सुमात्रात मात्र जंगल तुटत चाललंय आणि टायटॅनमची गणना २०१८ पासून धोक्यात आलेल्या वनस्पतींत होते. बागांतली बरीच झाडं एकमेकांची जवळची नातलग आहेत, कारण मूळ बिया मोजक्याच ठिकाणांहून आल्या. एकाच फुलोऱ्यातली मादीफुलं आधी आणि नरफुलं नंतर तयार होतात, म्हणून दुसऱ्या झाडाचे पराग लागतात. कुठे फूल उमललं की पराग गोळा करून गोठवायचे आणि दुसरीकडे कळी दिसली की पाठवायचे, असा व्यवहार आता उद्यानांमध्ये चालतो. या व्यवहाराची सगळी मदार नोंदींवर आहे: कंद कुणाकडून आला, बी कुठल्या झाडाची, पराग कुठले. घरी एखादाच टायटॅनम जोपासणाऱ्यानं ही नोंद कुंडीवरच्या पाटीवर ठेवली, तर त्याचं झाडही त्यात जोडता येतं.