एकपात्री नाट्य आणि आपला उत्तर कोकणचा मुलूख

ज्ञातीच्या स्मरणिकेत इतिहासविषयक लेख म्हटला म्हणजे वसईची मोहीम, तारापूरचा कोट आणि त्या धामधुमीत नावाजलेली घराणी यांचे वर्णन वाचकांस अपेक्षित असते. 1739 च्या जानेवारीत चिमाजी आप्पांच्या फौजेने तारापूर सर केले व त्या हल्ल्यात बाजी भिवराव पडले, ही हकीकत आपल्या घराघरांत ठाऊक आहे. तिची पुनरुक्ती येथे करण्याचे प्रयोजन नाही. प्रस्तुत लेखात एका वेगळ्या इतिहासाकडे, म्हणजे एकट्या नटाने वा नटीने लोकांसमोर उभे राहून समाजाचे दुखणे बोलून दाखविण्याच्या परंपरेकडे, ज्ञातिबांधवांचे व भगिनींचे लक्ष वेधावयाचे आहे. पालघर, बोईसर, तारापूर या टापूत अशा प्रयोगांचा छोटेखानी उत्सव भरावा ही कल्पना कोणास नवलाईची वाटेल. परंतु तिची मुळे आपल्याच मातीत आहेत.

कीर्तनकार म्हणजे आपला आद्य एकपात्री नट. पूर्वरंगात निरूपण करून उत्तररंगात तो आख्यान लावतो. मागे साथीला टाळ, मृदंग, पेटी असते हे खरे. तथापि राजा तोच, राणी तीच, द्वारपाळही तोच. खांद्यावरचे उपरणे डोक्यावर घेतले की पदर होतो, कमरेला कसले की शेला होतो. नाथांच्या भारुडातील सोंगेही याच कुळीची. 1843 साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगविले, त्यातदेखील कथेचा भार पदे गाणाऱ्या सूत्रधारावर होता. पुढे नाटक मंडळ्या वाढल्या, पडदे व पोशाख यांचा डौल वाढला, आणि एकट्याने बोलण्याची ही कला देवळाच्या सभामंडपात मागे राहिली.

तिला समाजप्रबोधनाचे धारदार शस्त्र बनविले ते गाडगे महाराजांनी. 1876 साली जन्मलेल्या व 1956 साली दिवंगत झालेल्या या सत्पुरुषाने गावात पाऊल ठेवताच आधी खराट्याने रस्ते झाडावेत आणि रात्री कीर्तनास उभे राहावे. त्यांचे कीर्तन हा श्रोत्यांशी चाललेला संवादच असे. कर्ज काढून सण करावा काय, नवसाला बकरे मारावे काय, मुलास शाळेत का घालीत नाही, असे प्रश्न विचारून उत्तर ते लोकांच्याच तोंडून काढून घेत. रंगभूमीच्या इतिहासकारांनी त्यांची गणना नटांत केलेली नाही आणि महाराजांनाही ते रुचले नसते. परंतु हजारोंचा समुदाय एकट्याच्या वाणीने जागा करता येतो, याचा एवढा मोठा दाखला महाराष्ट्रात दुसरा नाही.

नागर रंगभूमीवर एकपात्री प्रयोगास प्रतिष्ठा लाभली ती 1961 साली पु. ल. देशपांडे यांनी ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने रंगविली तेव्हापासून. 1979 साली औरंगाबादचे प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा प्रयोग सुरू केला; त्यात बावन्न व्यक्तिरेखा ते एकटे उभ्या करीत आणि गिनीजच्या विक्रमग्रंथातही त्याची नोंद झाली. या दोहोंचे मुख्य अंग विनोदाचे. त्यांचे मोल कमी लेखण्याचा हेतू नाही, पण आपल्या स्नेहसंमेलनांतून ‘एकपात्री’ म्हणजे नकला, असा जो समज दृढ झाला आहे, त्याचे कारण हे यशच असावे असे वाटते.

त्या समजाला छेद देणारा प्रयोग 1989 साली झाला. सुषमा देशपांडे यांनी स्वतः लिहून स्वतः सादर केलेला ‘व्हय, मी सावित्रीबाई’ हा तो प्रयोग. 1848 साली पुण्यास भिडे वाड्यात मुलींची शाळा उघडणाऱ्या, आणि 1897 साली प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता त्याच रोगाने मरण पावलेल्या सावित्रीबाई फुले येथे स्वतःच्या बोलीत आपली कहाणी सांगतात. हा प्रयोग नाट्यगृहांपुरता राहिला नाही. गावोगाव, अंगणात, शाळेच्या पडवीत तो झाला, आणि पुढे अन्य अभिनेत्रींनीही तो केला. जेथे एके काळी स्त्रीची भूमिकाही पुरुषाने करावयाची, त्या रंगभूमीवर एका स्त्रीने कोणाच्या आधाराविना दीडदोन तास उभे राहून स्त्रीशिक्षणाची कथा सांगावी, हे परिवर्तन लहान नव्हे. जोतीरावांनी 1855 साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले, पण त्या काळी त्यास रंगमंच मिळाला नाही. त्यांच्या पत्नीची कथा मात्र अशा रीतीने वाडीवस्तीपर्यंत गेली.

या प्रकाराचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. येथे प्रतिपक्षही त्याच मुखाने बोलतो. सावित्रीबाईंवर शेण फेकणाऱ्याचे शब्द सावित्रीबाई झालेल्या नटीलाच उच्चारावे लागतात. खलनायक म्हणून दुसरा कोणी नट नसल्यामुळे श्रोत्याला त्याच्यावर राग काढून मोकळे होता येत नाही. ‘हे शब्द आपल्या घरात कोणी उच्चारले होते काय?’ हा प्रश्न त्याच्याजवळ उरतो.

आता आपल्या मुलुखाकडे वळू. येथे सांगण्यासारख्या कथा थोड्या नाहीत. 14 ऑगस्ट 1942 रोजी पालघरला कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार होऊन काशिनाथ हरी पागधरे, गोविंद गणेश ठाकूर, रामचंद्र महादेव चुरी, रामप्रसाद भीमाशंकर तिवारी व सुकूर गोविंद मोरे हे पाच वीर धारातीर्थी पडले. हे पाचही जण एका ज्ञातीचे नव्हते. निरनिराळ्या ज्ञातींच्या स्मरणिकांनी आपापला हुतात्मा तेवढा उचलून घ्यावा, हे त्यांच्या बलिदानास शोभणारे नाही. एकच नट पाचांची आई होऊन बोलू लागला, तर ती वाटणी आपोआप गळून पडेल.

दुसरी कथा आपणांस अधिक अवघड जाईल. 1945 च्या मे महिन्यात तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील झरी येथे वारली बांधवांची परिषद भरली व त्यांनी वेठ न करण्याचा निर्धार केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाडा येथे गोळीबार झाला व त्यात जेठ्या गांगड यांनी प्राण गमावले. लग्नासाठी घेतलेल्या थोडक्या कर्जापायी आयुष्यभर राबणारे ‘लग्नगडी’ त्या काळी जंगलपट्टीत होते. गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात हा लढा वर्णिला असून 1972 साली त्यास साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. हा ग्रंथ आपल्या किती घरांत आहे? वेठ घेणारे जमीनदार व सावकार परदेशातून आले नव्हते; किनारपट्टीवरील जमीनजुमला बाळगणाऱ्या समाजांनी ही कथा ‘त्यांची’ म्हणून बाजूस ठेवणे न्यायाचे होणार नाही. वारली स्त्रीची व्यथा आणि सावकाराची गुर्मी एकाच मुखातून ऐकणे आपल्यासारख्यांना फार आवश्यक आहे.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीस आरंभिलेले व पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेलेले बालशिक्षणाचे कार्य सर्वविदित आहे. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेणारी ‘कुरणशाळा’ हा तर नाट्यविषय म्हणून तयारच आहे. तारापूरचे अणुवीजकेंद्र 1969 साली सुरू झाले, ते देशातील पहिले; त्याचा अभिमान आपण बाळगतो. त्याच्या पुढील विस्तारासाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठली. घर, विहीर, देऊळ सोडून निघालेल्या एखाद्या म्हातारीचे बोलणे कोणी अद्याप लिहून घेतले आहे काय? तिच्या पिढीतली माणसे दिवसेंदिवस कमी होत आहेत.

खर्चाची सबब येथे टिकत नाही. एक नट, एक खुर्ची, बरासा उजेड व शांत बसणारे शंभर श्रोते, एवढीच सामग्री लागते. वार्षिक संमेलनात पारितोषिक-वितरण व भोजन यांच्या मधला एक तास यासाठी राखून ठेवावा, वक्त्यांची भाषणे तेवढी आटोपती घ्यावीत, आणि श्रोत्यांत शेजारच्या पाड्यांवरील मंडळींनाही अगत्याने बोलवावे, अशी कार्यकारी मंडळास विनंती आहे. संहिता लिहिण्यास आपल्या कन्या-पुत्रांपैकी कोणी पुढे आल्यास त्यांनी आधी घरातील वडीलधाऱ्यांकडून चोपड्या, गहाणखते व जुनी पत्रे मागून घ्यावीत. पुष्कळ मजकूर त्यांतच सापडेल.