न दिसलेला ग्रह

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं, ‘सर, निरीक्षण विरोधात गेलं की सिद्धांत बाद, असं पॉपर म्हणतो ना?’ म्हणतो, साधारण तसंच. मीही वर्गात अनेक वर्षं तेच इतक्याच सोप्या शब्दांत सांगत आलो. पण इतिहास पाहिला की गंमत कळते.

युरेनस गणिताप्रमाणे चालेना. न्यूटन चुकला का? पॅरिसचे ल व्हेरिए म्हणाले, नाही, पलीकडे एखादा ग्रह त्याला ओढत असणार. त्यांनी जागा काढून दिली, आणि २३ सप्टेंबर १८४६च्या रात्री बर्लिनला गालं यांना नेपच्यून सापडला, सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आतच!

१८५९मध्ये त्याच ल व्हेरिएंनी बुधाचा हिशेब मांडला. बुधाची कक्षा हळूहळू फिरते. त्यातला बहुतेक भाग इतर ग्रहांच्या ओढीतून निघतो, पण शतकाला ३८ विकला उरतात. पुढे न्यूकम यांनी हा आकडा ४३ केला. आता ४३ विकला म्हणजे किती? एक अंश सरकायला साधारण ८,४०० वर्षं. एवढ्याशा फरकासाठी कोण न्यूटनला सोडेल? ल व्हेरिएंनी जुनीच युक्ती वापरली: सूर्याजवळ आणखी एक ग्रह असणार. नावही ठरलं, व्हल्कन.

आणि तो ‘दिसला’सुद्धा! लेस्कार्बो नावाच्या खेड्यातल्या एका डॉक्टरांनी सूर्यबिंबावरून काळा ठिपका जाताना पाहिल्याचं कळवलं. हा गृहस्थ आपली गणितं लाकडी फळीवर करायचा, नंतर रंध्याने तासून टाकायचा. ल व्हेरिए स्वतः जाऊन उलटतपासणी करून आले, त्यांची खात्री पटली, डॉक्टरांना सरकारी सन्मान मिळाला. १८७८च्या खग्रास ग्रहणात अमेरिकेत दोघांनी पुन्हा तो पाहिल्याचं सांगितलं. पण तोच ग्रह दुसऱ्यांदा कोणालाच पकडता येईना. ल व्हेरिए त्याआधीच, १८७७मध्ये गेले.

म्हणजे बघा, माणूस तोच, तर्कही तोच. एकदा ग्रह मिळाला, एकदा नाही. आधी कसं ओळखायचं? मला तरी याचं सरळ उत्तर माहीत नाही. ‘हट्टीपणा’ म्हणून हसणं सोपं आहे, पण त्याच हट्टाने नेपच्यून दिला होता.

नोव्हेंबर १९१५मध्ये आइन्स्टाइननी नव्या समीकरणांतून बुधाचा आकडा काढला. कुठलाही ग्रह न कल्पिता ४३ आले. आपल्या छातीत धडधड झाली, असं त्यांनी नंतर एका मित्राला सांगितलं. न्यूटनचा सिद्धांत मागे पडला तो बुधाच्या विकलांमुळे नव्हे. त्या विकला तर छप्पन्न वर्षं वहीत पडूनच होत्या. त्यांचा हिशेब देणारा दुसरा कोणी आला, तेव्हा तो मागे पडला.