मिताली, हरमनप्रीत आणि सांगलीची स्मृती : स्टार खेळाडूची जागा तरुणाला देताना नेमकं काय घडतं?

९ मार्च २०१९, गुवाहाटी. इंग्लंडविरुद्धचा तिसरा टी-२० सामना. भारताला शेवटच्या षटकात फक्त ३ धावा हव्या होत्या. मिताली राज ३० धावांवर नाबाद होती, पण नॉन-स्ट्रायकरच्या टोकाला. ती तिथेच अडकून राहिली आणि भारत एका धावेने हरला. मितालीचा हा शेवटचा आंतरराष्ट्रीय टी-२० सामना ठरला.

त्या दिवशी भारताची कर्णधार होती २२ वर्षांची स्मृती मानधना, आपल्या सांगलीची. टी-२० संघाची नियमित कर्णधार हरमनप्रीत कौर दुखापतीमुळे बाहेर होती. म्हणजे एक जुनी कर्णधार मैदानात, एक सध्याची कर्णधार मैदानाबाहेर आणि एक पुढची कर्णधार डगआऊटमध्ये, असा तो सामना होता.

मोठ्या खेळाडूला बाजूला करून त्याच्या जागी तरुण आणायचा म्हटलं की आपल्याकडे लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो, 'एवढं केलं त्याने, त्याचा असा अपमान?' दुसरा म्हणतो, 'किती दिवस अडवून बसणार?' सोशल मीडियावर हे भांडण रोज सुरू असतं. पण हा बदल प्रत्यक्षात कसा होतो, कुठे फसतो आणि स्मृतीची पाळी आली तर काय होऊ शकतं, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागेल.

अमेरिकेत हे कसं करतात?

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक नावाची एक जागा असते. प्रत्येक डाव तो सुरू करतो, चेंडू कुणाकडे टाकायचा हे तोच ठरवतो. आपल्या भाषेत सांगायचं तर कर्णधार, सलामीवीर आणि यष्टिरक्षक एकाच माणसात. मैदानावर ही जागा एकच असते, त्यामुळे नवा आला की जुन्याला बाकावर बसावं लागतं किंवा संघ सोडावा लागतो.

ग्रीन बे पॅकर्स या संघाचं उदाहरण नेहमी दिलं जातं. ब्रेट फार्व हा त्यांचा दैवतासारखा क्वार्टरबॅक. तो ३५ वर्षांचा असताना, २००५ मध्ये, संघाने ॲरन रॉजर्स या तरुणाला घेतलं आणि तीन वर्षं बाकावर बसवून ठेवलं. २००८ मध्ये फार्वने निवृत्ती जाहीर केली, मग काही महिन्यांत विचार बदलला. संघ म्हणाला, आता नाही. फार्वची रवानगी न्यूयॉर्क जेट्सकडे झाली. चाहते चिडले, पण फेब्रुवारी २०११ मध्ये रॉजर्सने पॅकर्सला सुपर बोल जिंकून दिला. पुढे २०२० मध्ये त्याच संघाने रॉजर्सच्या मागे जॉर्डन लव्ह आणून बसवला आणि तीन वर्षांनी रॉजर्सचीही रवानगी झाली, तीसुद्धा जेट्सकडेच! तिथे पहिल्याच सामन्यात सुरुवातीच्या काही मिनिटांत त्याला गंभीर दुखापत झाली आणि त्याचा हंगाम संपला.

ही पद्धत निष्ठुर वाटते, पण त्यात एक सोय आहे. जुना गेला की तो खरंच जातो. क्रिकेटमध्ये तसं होत नाही. कर्णधारपद काढून घेतलं तरी जुना कर्णधार फलंदाज म्हणून त्याच ड्रेसिंग रूममध्ये असतो, त्याच बसमध्ये बसतो आणि कधीकधी समोरच्या टोकाला उभा असतो. क्रिकेटमधली बहुतेक भांडणं इथून सुरू होतात.

मितालीकडून हरमनप्रीतकडे : एका बदलाला लागलेली साडेपाच वर्षं

मिताली राजने १९९९ मध्ये आयर्लंडविरुद्ध पहिल्याच एकदिवसीय सामन्यात शतक ठोकलं होतं. २३२ एकदिवसीय सामने, ७,८०५ धावा आणि कर्णधार म्हणून दोन विश्वचषकांच्या अंतिम फेऱ्या, २००५ आणि २०१७. महिला क्रिकेट कुणी बघत नव्हतं तेव्हापासून ती खेळत होती.

नोव्हेंबर २०१६ मध्ये टी-२० संघाचं कर्णधारपद तिच्याकडून काढून हरमनप्रीतकडे दिलं गेलं. एकदिवसीय संघ मात्र मितालीकडेच राहिला. कागदावर हा तोडगा छान होता. तरुण खेळाडूला छोट्या प्रकारात शिकू द्या, मोठा प्रकार अनुभवीकडे राहू द्या. सुरुवातीला तो चाललाही. २० जुलै २०१७ ला डर्बीमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात हरमनप्रीतने नाबाद १७१ धावांची ती खेळी केली, तेव्हा कर्णधार मिताली होती. लॉर्ड्सवरची फायनल ९ धावांनी गेली, पण देशाला हा संघ माहीत झाला.

गाडी घसरली नोव्हेंबर २०१८ मध्ये. वेस्ट इंडिजमध्ये टी-२० विश्वचषक होता. मितालीने पाकिस्तान आणि आयर्लंडविरुद्ध अर्धशतकं केली होती. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सामन्यात ती खेळली नाही आणि भारत जिंकला. मग इंग्लंडविरुद्धच्या उपांत्य सामन्यात जिंकलेला संघच ठेवायचा असं ठरलं आणि मिताली बाहेर बसली. भारत ११२ धावांत गुंडाळला गेला, इंग्लंडने आठ गडी राखून सामना खिशात घातला. सामन्यानंतर हरमनप्रीत म्हणाली की या निर्णयाचा पश्चात्ताप नाही.

त्यानंतर जे झालं ते कुठल्याही संघासाठी वाईटच. मितालीने बीसीसीआयला पत्र लिहून प्रशिक्षक रमेश पोवार आणि प्रशासक समितीच्या सदस्या डायना एडुलजी यांच्यावर आरोप केले. पोवार यांनीही आपली बाजू अहवालात मांडली. दोन्ही कागद माध्यमांत फुटले. पोवार यांची मुदत संपली तेव्हा त्यांनाच कायम ठेवा, असं हरमनप्रीत आणि स्मृती या दोघींनी बोर्डाला कळवलं. संघात दोन बाजू पडल्या आहेत हे आता साऱ्या देशाला दिसत होतं. अखेर डब्ल्यू. व्ही. रामन नवे प्रशिक्षक झाले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. टी-२० मध्ये मितालीचा वेग कमी पडतो, हा मुद्दा पूर्ण चुकीचा नव्हता. तिच्याशिवाय खेळायचं ठरवणं हा क्रिकेटचा निर्णय होता आणि त्यावर वाद होऊ शकतो. पण तिला संघात ठेवून, सलग दोन अर्धशतकं केल्यावर, उपांत्य फेरीच्या दिवशी बाकावर बसवणं म्हणजे एवढा मोठा निर्णय अगदी शेवटच्या क्षणी घेणं. तिची भूमिका बदलायची होती तर ते स्पर्धेआधी करता आलं असतं. माझ्या मते २०१८ चा खरा घोटाळा हा वेळेचा होता.

सप्टेंबर २०१९ मध्ये मितालीने टी-२० मधून निवृत्ती घेतली. एकदिवसीय कर्णधारपद मात्र २०२२ च्या विश्वचषकापर्यंत तिच्याकडे होतं. त्या स्पर्धेत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध शेवटच्या चेंडूवर हरून भारत बाहेर पडला. मितालीने त्या सामन्यात ६८ धावा केल्या होत्या, वय ३९. ८ जून २०२२ ला तिने निवृत्ती जाहीर केली आणि त्याच दिवशी हरमनप्रीत एकदिवसीय संघाची कर्णधार झाली. तेव्हा हरमनप्रीत ३३ वर्षांची होती. 'तरुण उत्तराधिकारी' म्हणून निवडलेली खेळाडू हातात पूर्ण संघ येईपर्यंत स्वतःच ज्येष्ठ झाली होती.

पुरुषांच्या संघात वेगळं काही होतं का?

फार नाही. १९७१ मध्ये निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने पतौडींच्या जागी मुंबईचे अजित वाडेकर कर्णधार झाले. वाडेकर पतौडींपेक्षा जेमतेम तीन महिन्यांनी लहान, त्यामुळे याला पिढीबदल म्हणता येणार नाही. पण पतौडी वेस्ट इंडिजला गेलेच नाहीत आणि वाडेकर तिथली व पाठोपाठ इंग्लंडमधली मालिका जिंकून आले. पुढे पतौडी वाडेकरांच्या हाताखाली खेळलेही. १९७४ मध्ये इंग्लंडमध्ये ०-३ अशी हार झाल्यावर मात्र वाडेकरांना पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळलं गेलं, आणि त्यांनी निवृत्ती घेतली. त्यांच्यानंतर कर्णधार कोण? पुन्हा पतौडी!

सगळ्यांना आठवतं ते अर्थात मुंबई इंडियन्सचं प्रकरण. पाच आयपीएल जिंकून देणाऱ्या रोहित शर्माच्या जागी हार्दिक पंड्याला कर्णधार केल्याची घोषणा १५ डिसेंबर २०२३ ला झाली. हार्दिक गुजरातहून नुकताच परत आला होता. पहिल्याच सामन्यात अहमदाबादला त्याने रोहितला सीमारेषेवर पाठवलं, तो व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकांनी शेअर केला असेल. वानखेडेवर हार्दिकची एवढी हुर्यो उडवली गेली की नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना समज द्यावी लागली. मुंबई त्या वर्षी १४ पैकी ४ सामने जिंकून तळाला राहिली. सुमारे दीड महिन्याने बार्बाडोसमध्ये टी-२० विश्वचषकाच्या फायनलचं शेवटचं षटक हार्दिकने टाकलं आणि कर्णधार रोहितने त्याला मिठी मारली. त्या दोघांना एकत्र खेळता येत होतं, अडचण घोषणेच्या पद्धतीची होती.

ऑक्टोबर २०२५ मध्ये रोहितचं एकदिवसीय कर्णधारपदही शुभमन गिलकडे गेलं. त्याच वर्षी मार्चमध्ये रोहितने चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकून दिली होती, म्हणजे हा बदल अपयशानंतरचा नव्हता. तीन प्रकारांना तीन वेगवेगळे कर्णधार ठेवणं व्यवहार्य नाही, असं कारण निवड समितीचे अध्यक्ष अजित आगरकर यांनी उघडपणे दिलं. पटो न पटो, कारण दिलं गेलं. गिलच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलियात रोहितने सिडनीला नाबाद १२१ धावा केल्या, मालिकावीर ठरला आणि ३८ व्या वर्षी पहिल्यांदा एकदिवसीय क्रमवारीत अव्वल फलंदाज झाला. कर्णधारपद गेलं म्हणजे खेळाडू संपला, असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा जवळ ठेवावा.

आता सांगलीचा प्रश्न

स्मृतीचा जन्म मुंबईचा, पण ती दोन वर्षांची असताना कुटुंब सांगलीजवळच्या माधवनगरला आलं. वडील आणि भाऊ दोघेही सांगली जिल्ह्याकडून क्रिकेट खेळलेले. नवव्या वर्षी ती महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालील संघात होती. सांगलीने भारताला याआधी एक कर्णधार दिला आहे, विजय हजारे. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने पहिली कसोटी जिंकली ती त्यांच्याच नेतृत्वात. त्याच वर्षी इंग्लंड दौऱ्यानंतर कर्णधारपद त्यांच्यापेक्षा वयाने मोठ्या लाला अमरनाथांकडे गेलं आणि १९५३ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यासाठी पुन्हा हजाऱ्यांकडे आलं. म्हणजे उलटसुलट निर्णय तेव्हाही होतेच!

गुवाहाटीतली ती मालिका स्मृतीने ०-३ अशी गमावली. २०२३ च्या पहिल्या महिला प्रीमियर लीगमध्ये ३ कोटी ४० लाखांची सर्वांत महागडी खेळाडू म्हणून ती बंगळुरूची कर्णधार झाली आणि संघ पहिले पाचही सामने हरला. पुढच्याच वर्षी तिने तोच संघ विजेता केला. जानेवारी २०२५ मध्ये हरमनप्रीत विश्रांतीवर असताना राजकोटला आयर्लंडविरुद्धची मालिका तिने ३-० ने जिंकली, त्यात एका सामन्यात भारताने ४३५ धावा केल्या. जूनमध्ये नॉटिंगहॅमला इंग्लंडविरुद्ध बदली कर्णधार म्हणून उतरून तिने ११२ धावा काढल्या, तिचं पहिलं टी-२० शतक. कर्णधारपदाचं ओझं फलंदाजीवर येईल, ही शंका निदान या दोन मालिकांत तरी खरी ठरली नाही.

मग २ नोव्हेंबर २०२५ आला. नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून हरमनप्रीतच्या संघाने विश्वचषक उचलला. स्मृतीच्या स्पर्धेत ४३४ धावा, भारताकडून सर्वाधिक. आणि लगेच माजी कर्णधार शांता रंगास्वामी यांनी मत मांडलं की पुढचा विचार करून आता नेतृत्व स्मृतीकडे द्यावं. त्यावर लोक तुटून पडले. जल्लोष संपायच्या आत हा विषय काढायचा का, असा राग होता आणि तो समजण्यासारखा आहे. पण मुद्दा चुकीचा नव्हता. पुढचा एकदिवसीय विश्वचषक २०२९ मध्ये आहे. तोवर हरमनप्रीतने चाळिशी गाठलेली असेल आणि स्मृती ३३ च्या आसपास. म्हणजे हरमनप्रीतला संघ मिळाला त्याच वयाची.

बोर्डाने तेव्हा काही बदललं नाही. डिसेंबरमध्ये श्रीलंकेविरुद्ध हरमनप्रीतच कर्णधार होती, उपकर्णधार स्मृती. विश्वविजेत्या कर्णधाराला महिन्याभरात हटवणं कुणालाच जमलं नसतं, आणि ते योग्यही ठरलं नसतं.

पण मितालीच्या वेळी झालं तसं पुन्हा होऊ द्यायचं नसेल, तर निवड समितीने हरमनप्रीतशी बसून कोणत्या स्पर्धेनंतर कोणता प्रकार सोडायचा हे आधी ठरवायला हवं आणि ठरलं की सांगून टाकायला हवं. हरमनप्रीत फलंदाज म्हणून संघात राहणार असेल, आणि उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ धावांचा पाठलाग करताना तिने केलेल्या ८९ धावा पाहता ती राहायलाच हवी, तर तिची नवी भूमिकाही त्याच वेळी स्पष्ट करायला हवी. हे काम स्मृतीचं नाही. तिने मागावं अशी अपेक्षा करणंही बरोबर नाही, कारण २०१८ मध्ये ती त्या वादाच्या मधोमध होती आणि चारच महिन्यांनी गुवाहाटीत मितालीची कर्णधार होती. त्या शेवटच्या षटकात काय झालं हे तिने डगआऊटमधून पाहिलं आहे.