आगबोटीवरील गोडे पाणी आणि दख्खनी शिपाई : १८६७-६८ ची ॲबिसिनिया मोहीम

सातारा जिल्ह्याच्या लष्करी परंपरेवर मराठीत पुष्कळ लेखन झाले आहे. (आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग १९४९ च्या विभाजनापर्यंत साताऱ्यातच मोडत होता, ‘दक्षिण सातारा’ हे नाव बदलून ‘सांगली’ झाले ते १९६० मध्ये.) या लेखनात शौर्य, पदके आणि स्मारके यांची नोंद सापडते, परंतु पठारावरचा शिपाई समुद्रापार गेल्यावर पाणी कोठले प्याला, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. मुंबई इलाख्याच्या सैन्याची ॲबिसिनिया मोहीम पहिल्या टप्प्यात तरी बंदुकीपेक्षा आगबोटीतील ऊर्ध्वपातन यंत्रावर अधिक अवलंबून होती.

छत्रपती प्रतापसिंहांचे वकील रंगो बापूजी लंडनला गेले, त्या काळात जहाजावरचे पाणी मुख्यतः पिंपांत भरून नेत. लांबच्या प्रवासात ते नासे, त्याला दुर्गंधी येई. खारे पाणी उकळून त्याच्या वाफेपासून गोडे पाणी करण्याची युक्ती तेव्हाही ठाऊक होती. जेम्स कुकच्या दुसऱ्या सफरीत (१७७२-७५) चार्ल्स आयर्विंगचे यंत्र वापरलेही गेले होते. अडचण जळणाची होती. शिडाच्या जहाजावर त्यासाठी वेगळा कोळसा वाहण्यापेक्षा पाणीच वाहणे परवडे. आगबोटीने हा हिशेब बदलला, कारण तिच्यावर कोळसा आणि बॉयलर दोन्ही आधीच होते. समुद्राच्या पाण्यात वजनाने सुमारे ३.५ टक्के क्षार असतात. पाण्याची वाफ होताना ते मागे राहतात आणि थंड नळीत वाफेचे पुन्हा पाणी होते. साध्या यंत्रात एक भाग कोळशामागे सहा ते आठ भाग पाणी मिळे. हे पाणी बेचव लागे. नॉर्मंडीने १८५१ मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रात त्यात हवा मिसळण्याची सोय होती.

तांबड्या समुद्रावरील झुला या तळावर ऑक्टोबर १८६७ मध्ये पहिल्या तुकड्या उतरल्या. जवळपास पुरेसे गोडे पाणी नव्हते. नांगरलेल्या आगबोटींतून पाणी काढून किनाऱ्यावर पोहोचवावे लागे. माणसांची गरज कशीबशी भागे, जनावरांची भागेना. तहानेने आणि साथीच्या रोगाने खेचरे मोठ्या संख्येने मेली. मोहिमेत एकंदर सुमारे १३,००० सैनिक, त्यांच्या दुप्पट बिनलढाऊ माणसे, ४४ हत्ती धरून चाळीस हजारांवर जनावरे होती. या सर्वांना किनाऱ्यावर थोपवून धरणे म्हणजे रोज कोळसा जाळणे. सेनाफेच्या पठाराकडे सरकण्याच्या निकडीमागे लष्करी डावपेचाइतकाच हा हिशेब होता, असे म्हणावे लागते. वाटेत पाण्याचा शोध घेण्यासाठी जमिनीत ठोकायच्या नळविहिरी वापरल्या गेल्या. त्यांना पुढे ‘ॲबिसिनियन’ हेच नाव पडले. १३ एप्रिल १८६८ रोजी मगदाला पडले.

मुंबई सैन्याच्या ३ ऱ्या व १० व्या पलटणी या मोहिमेत होत्या. पुढे त्याच १०३ व ११० क्रमांकाच्या मराठा पलटणी झाल्या. बंगाल सैन्यात १८५६ च्या सक्तीच्या सागरी सेवेने असंतोष माजला. मुंबईचे शिपाई मात्र त्यापूर्वीही समुद्रापार गेले होते. हा फरक सांगताना अभ्यासक धर्मभावनेपाशी थांबतात. गावात पाण्याचा पहिला प्रश्न ‘विहीर कोणाची?’ हा असे. झुल्याच्या किनाऱ्यावर पाण्याचा मुख्य उगम आगबोटच होती. वाटपातील भेद त्यामुळे संपले असे मानण्यास आधार नाही. तथापि पाणी कोणाच्या हाती, याचे उत्तर तेथे जातीपेक्षा कोळशाच्या साठ्याशी अधिक जोडलेले होते.

पहिल्या महायुद्धात चित्र पालटले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाचे ४६ जवान त्या युद्धात कामी आले. मेसोपोटेमियात पाठविलेल्या सैन्यात याच १०३ व ११० पलटणी होत्या. तेथे तैग्रिसचे पाणी हाताशी असल्याने आगबोटीच्या यंत्रावर विसंबण्याची गरज उरली नव्हती. मात्र उकळून वाफ केलेल्या पाण्यात रोगजंतू टिकत नाहीत, नदीच्या पाण्याची तशी हमी नव्हती. १९१६ मध्ये त्या सैन्यात पटकी पसरली. वैद्यकीय व्यवस्थेच्या दुरवस्थेची चौकशी झाली आणि मेसोपोटेमिया आयोगाचा अहवाल १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला.