दिनविशेष : ९ डिसेंबर १९८७ – जबालियातून पेटलेला इंतिफादा

८ डिसेंबरला गाझाच्या हद्दीवर इस्रायली लष्कराच्या ट्रकने कामावरून परतणाऱ्या मजुरांच्या गाड्यांना धडक दिली. चार पॅलेस्टिनी ठार झाले. हा अपघातच, असे इस्रायल सांगत राहिला. गाझातल्या जबालियाच्या निर्वासित छावणीला ते पटले नाही. दुसऱ्या दिवशी छावणी रस्त्यावर उतरली आणि पहिला इंतिफादा, म्हणजे इस्रायली ताब्याविरुद्धचा पॅलेस्टिनी उठाव, सुरू झाला.

दगड आणि पेट्रोल बॉम्ब जगाने टीव्हीवर पाहिले. त्याहून चिवट होते ते हरताळ, बहिष्कार आणि करबंदी. बेथलेहेमजवळच्या बैत सहूरने १९८९ मध्ये कर भरायचे नाकारले, तेव्हा घराघरांतून फ्रिज, टीव्ही जप्त झाले. इस्रायली दूध नको म्हणून गावकऱ्यांनी १८ गायी पाळल्या होत्या. लष्कराने त्याही सुरक्षेला धोका ठरवल्या! ब्रिटिशांविरुद्धचा पुसदचा १९३० चा जंगल सत्याग्रह ठाऊक असलेल्या विदर्भाला सत्तेची ही धास्ती ओळखीची वाटावी.

आधी बळाचा मार्ग धरणारे संरक्षणमंत्री यित्झाक राबिन १९९२ मध्ये पंतप्रधान झाले आणि १९९३ मध्ये त्यांनीच पॅलेस्टिनींशी ओस्लो करार केला. हमासचा जन्मही याच उठावातला. इस्रायलमध्ये सक्तीची लष्करी सेवा असल्याने तिथल्या रामला, दिमोना इथल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली ज्यूंच्या घरांपासूनही हा संघर्ष दूर नव्हता.

भारताने नोव्हेंबर १९८८ मध्ये पॅलेस्टाईनला मान्यता दिली. इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जुळले ते जानेवारी १९९२ मध्ये.